कुरंगांचे कुळ आणि आपला माळ

प्रस्तावना

येवल्याहून नांदगावच्या दिशेने निघाले, की कांद्याची बागायत हळूहळू मागे पडते आणि राजापूर, ममदापूर, खरवंडी, देवदरी या गावांचा उघडा माळ सुरू होतो. जमीन मुरमाड, झाडे तुरळक, पाऊस थोडा आणि बेभरवशाचा. याच माळावर सुमारे ५४ चौरस किलोमीटरचे ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि ते राखले आहे ते प्रामुख्याने काळविटांसाठी. हे काळवीट ज्या कुरंगांच्या, म्हणजे अँटिलोपांच्या, घराण्यातले, त्याचा मोठा गोतावळा आफ्रिकेत नांदतो. केनिया-टांझानियाच्या मैदानांवरचा थॉमसनचा गॅझेल आणि दक्षिण आफ्रिकेचा स्प्रिंगबॉक हे आपल्या काळविटाचे सख्खे नसले तरी चुलत भाऊबंद आहेत. ज्यांच्याबरोबर आपण त्याचे नाव सहज जोडतो ते सांबर आणि चितळ मात्र नात्याने त्याला बरेच दूरचे.

आफ्रिकेचे वन्यजीवन मराठी घरांत दूरचित्रवाणीने आणले. मारा नदी ओलांडणारे विल्डबीस्टचे लोंढे, चित्त्यापुढे वाकडीतिकडी धाव घेणारा गॅझेल ही दृश्ये आता शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. पण त्या प्राण्यांत आणि येवल्याच्या माळावर चरणाऱ्या कळपात काही नाते आहे, हे क्वचितच कोणी सांगितले. आफ्रिका पाहायला गेलेला मराठी माणूस कुडूचे छायाचित्र घेऊन येतो, पण आपल्याच राज्यातला चौशिंगा त्याला ओळखता येत नाही. ही दरी बुजवावी, आफ्रिकेतील कुरंगांची ओळख मराठीत सविस्तर करून द्यावी आणि ती देताना आपल्या माळावरच्या कुरंगांकडे नव्याने पाहायला लावावे, हा या पुस्तकाचा हेतू आहे.

पुस्तकामागचे म्हणणे थोडक्यात असे: कुरंगाचा बांधा, त्याचा कळप आणि त्याचा स्वभाव तो काय खातो आणि कुठे खातो यावरून घडत जातो. त्यामुळे कुरंग ओळखायचा तर त्याचे रान वाचता आले पाहिजे आणि कुरंग राखायचा तर त्याचे रान राखले पाहिजे. आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी शे-दीडशे वर्षांत हेच पुन:पुन्हा दाखवून दिले. आपल्याकडे ते अजून पुरतेपणी रुजलेले नाही.

आधी घराणे कोणते ते पाहू. बोलीत आपण या साऱ्यांना हरणेच म्हणतो. सांबर, चितळ, बाराशिंगा यांच्या नरांची शिंगे भरीव हाडाची असतात. त्यांना फाटे फुटतात, ती गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा, नीलगाय यांची शिंगे निराळी. कवटीतून निघालेला हाडाचा गाभा आणि त्यावर नखे ज्या द्रव्याची बनतात त्याच द्रव्याचे आवरण. अशा शिंगांना फाटे फुटत नाहीत आणि ती गळतही नाहीत. शिंग मोडले तर ते पुन्हा येत नाही. गाई, म्हशी, शेळ्या, मेंढ्या यांचीही शिंगे अशीच, कारण ही सारी मंडळी बोव्हिडी या एकाच कुळातली. उत्तर आफ्रिकेतल्या बार्बरी हरणाचा अपवाद सोडला, तर सांबर-चितळांच्या घराण्यातला एकही प्राणी आफ्रिकेत मूळचा नाही. आपल्याकडे त्यांनी व्यापलेल्या जागा तिथे कुरंगांनी व्यापल्या आहेत: दाट जंगलात, दलदलीत, कड्यांवर आणि वाळवंटातसुद्धा.

तरीही कुरंग हे शास्त्राच्या काटेकोर अर्थाने एक घराणे नाही. बोव्हिडी कुळातून गाईम्हशी आणि शेळ्यामेंढ्या यांची घराणी बाजूला काढली, की उरणाऱ्या बहुतेकांना मिळून कुरंग म्हणण्याची प्रथा आहे. जगात त्यांच्या सुमारे ९० जाती मानल्या जातात आणि त्यांतल्या ७० हून अधिक आफ्रिकेत आहेत. या गोतावळ्यात नाती अनपेक्षित निघतात. विदर्भात रोही म्हणून ओळखली जाणारी नीलगाय आणि डोंगरउतारांच्या झाडीत राहणारा चौशिंगा हे काळविटापेक्षा गाईगुरांना जवळचे. काळवीट आणि चिंकारा यांची शाखा वेगळी. म्हणजे भारतात कुरंगांच्या जाती मोजक्याच असल्या, तरी त्या दोन अगदी भिन्न शाखांच्या प्रतिनिधी आहेत.

आफ्रिकेत या शाखांचा पसारा पाहण्यासारखा आहे. एलँड, कुडू, न्याला, बोंगो ही पिळाच्या शिंगांची शाखा नीलगाईच्या आणि गाईगुरांच्या बाजूची. हे प्राणी मुख्यतः पाला खाणारे, झाडीत राहणारे, अंगावर पांढरे पट्टे असलेले. यांतला सिटाटुंगा दलदलीत राहतो; त्याचे लांब खूर फाकतात, त्यामुळे तो चिखलात रुतत नाही. एलँडचा मोठा नर ९०० किलोपर्यंत भरतो. दुसऱ्या टोकाला पश्चिम आफ्रिकेच्या जंगलातला रॉयल अँटिलोप आहे, जेमतेम दोन-तीन किलो वजनाचा. डायकर ही जंगलातल्या लहानखुऱ्या कुरंगांची शाखा. कळप न करता राहणारी, पडलेली फळे आणि कोवळी पाने वेचून खाणारी. वॉटरबक, कोब आणि लेचवे पाण्याच्या कडेचे गवत सोडत नाहीत. ओरिक्स, सेबल, रोन आणि अडॅक्स यांच्या शाखेत नर-मादी दोघांनाही लांब शिंगे असतात आणि तिच्यातले काही वाळवंटापर्यंत पोचलेले आहेत. विल्डबीस्ट, हार्टेबीस्ट आणि टोपी हे खास गवतखाऊ, खांद्याला उंच आणि पाठीमागे उतरते, लांब पल्ल्याच्या चालीसाठी घडलेले. इंपाला आपल्या शाखेत एकटाच. ऋतूप्रमाणे गवत आणि पाला दोन्ही खाणारा. शेवटी गॅझेलांची शाखा. स्प्रिंगबॉक, मागच्या पायांवर उभा राहून बाभळीचा शेंडा खाणारा गेरेनुक आणि जोडीने राहणारा चिमुकला डिक-डिक हे सारे तिच्यातलेच. काळवीट आणि चिंकारा ही याच शाखेची भारतातली पाती.

या विविधतेच्या मुळाशी काही समान गुण आहेत. चार कप्प्यांचे पोट आणि रवंथ यांमुळे कुरंग घाईने चरून आडोशाला जाऊन पचवू शकतो. दोन खुरांचा पाय धावायला हलका आणि कठीण जमिनीवर टिकाऊ. डोळे डोक्याच्या बाजूंना, म्हणून मान न वळवता सभोवार नजर राहते. डोळ्यांपुढच्या ग्रंथींचा स्राव गवताच्या काडीला लावून नर आपली हद्द आखतो; काळवीट आणि डिक-डिक दोघेही हेच करतात. उन्हाशी झगडण्याची यांची तऱ्हा तर थक्क करणारी आहे. सी. रिचर्ड टेलर या शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत ओरिक्स आणि एलँडवर केलेल्या प्रयोगांतून दिसले, की ओरिक्स पाणी वाचवण्यासाठी घाम रोखून धरतो आणि अंगाचे तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढू देतो. एवढ्या तापात मेंदू टिकतो, कारण मेंदूकडे जाणारे रक्त कवटीच्या तळाशी बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळीतून जाते आणि नाकातून परतणारे गार रक्त तिथे त्याला थंड करते.

पण कुरंगांच्या अभ्यासाला खरी दिशा दिली ती त्यांच्या कळपांनी. काही जाती जोडीने राहतात, काहींचे कळप दहा-वीसांचे, तर काहींचे हजारोंचे, असे का? पीटर जार्मन या अभ्यासकाने १९७४ मध्ये आफ्रिकेतील कुरंगांची पाच गटांत मांडणी करून याचे उत्तर दिले. लहान प्राण्याला थोडे पण सकस खाणे लागते: कोंब, फळे, कळ्या. असे खाणे विखुरलेले असते, त्यावर कळप पोसत नाही. म्हणून लहान कुरंग जोडीने, झाडीत, आपली हद्द राखून राहतो आणि शत्रू दिसला की दडून बसतो. मोठ्या प्राण्याला हलक्या प्रतीचे गवतही चालते आणि ते उघड्यावर मुबलक असते. उघड्यावर दडायला जागा नाही, म्हणून तिथे संख्या हाच आडोसा. कळप वाढला की नरांची स्पर्धा वाढते. मग मोठी शिंगे, गडद रंग, नर-मादीतला ठळक फरक, हे सारे मागोमाग येते. एका गवताच्या काडीपासून समाजरचनेपर्यंत जाणारी ही मांडणी पुढच्या संशोधनात ठिकठिकाणी दुरुस्त झाली, पण तिचा कणा टिकून आहे. काळविटाचा काळाभोर नर आणि फिकट तपकिरी, बिनशिंगाची मादी यांच्यातला फरक याच मांडणीतून उलगडतो.

ज्ञानाचा हा इतिहास युरोपीय प्रवाशांपासून सुरू होतो असे मानण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीच्या उत्खननात काळविटाची हाडे मिळाली आहेत. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीचा दख्खनचा शेतकरी या प्राण्याला जवळून ओळखत होता. मनुस्मृती आणि याज्ञवल्क्यस्मृती यांनी कृष्णमृग जिथे स्वभावतः वावरतो ती भूमी धर्मकर्माला योग्य ठरवली. हंसदेवाच्या संस्कृत मृगपक्षिशास्त्रात प्राण्यांच्या जाती आणि स्वभाव यांची वर्णने आहेत आणि मारुती चितमपल्लींनी तो ग्रंथ मराठीत आणला. नाशिककरांना तर मृग हा शब्द परका नाही. पंचवटीच्या कथेतला कांचनमृग इथल्या लोकस्मृतीत रुजला आहे आणि नांदूर मध्यमेश्वरला मृगव्याधेश्वराचे मंदिर आहे. ग्रंथांबाहेरचे ज्ञान होते ते फासेपारध्यांकडे. काळविटाची वाट, त्याची वेळ, नराचा आपल्या हद्दीविषयीचा हट्ट, हे सारे जाणून त्यावर फास बेतणारी ही जमात होती. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रजी राजवटीत ज्या अनेक जमातींवर शिक्का मारला गेला, त्यांत पारधीही होते. त्यांचे निसर्गज्ञान अभ्यासाचा विषय व्हायला हवे होते. ते बहुतांशी नोंदवलेच गेले नाही.

पाश्चात्त्य वर्गीकरणाचा आरंभ मात्र आपल्याच काळविटापासून झाला. लिनीयसने १७५८ मध्ये काळविटाला शास्त्रीय नाव दिले ते शेळीच्या प्रजातीत टाकून. पुढे १७६६ मध्ये पॅलासने अँटिलोप ही प्रजाती वेगळी केली आणि काळवीट तिचा नमुना ठरला. साऱ्या जगाच्या कुरंगांना इंग्रजीत ज्या नावाने ओळखतात, त्या नावाच्या प्रजातीत आज तो एकटाच आहे. चिंकाऱ्याचे शास्त्रीय वर्णन १८३१ मध्ये मुंबई सरकारच्या नोकरीतल्या विल्यम साइक्सने केले, तेही दख्खनमध्ये पाहिलेल्या प्राण्यांवरून. आणि आफ्रिकेच्या सर्वांत देखण्या कुरंगांपैकी एक, सेबल, युरोपीय शास्त्राला माहीत झाला तो मुंबई फौजेतल्या विल्यम कॉर्नवॉलिस हॅरिस या अभियंत्यामुळे. प्रकृतीसाठी रजा घेऊन तो दक्षिण आफ्रिकेत गेला, १८३६ मध्ये मगालिसबर्गच्या डोंगरात त्याने हा काळा नर पाहिला आणि १८४८ मध्ये पुण्याजवळ त्याचा मृत्यू झाला. मुंबई इलाखा आणि आफ्रिकेची मैदाने यांचा संबंध असा जुना आहे.

अभ्यासाचा पहिला प्रवाह एकोणिसाव्या शतकातला, मुख्यतः शिकारी आणि संग्रहालये यांचा. शिंगांची लांबी, कातडीचा रंग, कवटीची मापे यांवर जाती ठरत होत्या. स्क्लेटर आणि ओल्डफील्ड थॉमस यांचा १८९४ ते १९०० या काळात निघालेला चार खंडांचा कुरंगग्रंथ हा या परंपरेचा कळस. आपल्याकडे १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने शिकाऱ्यांच्या नोंदींना हळूहळू निसर्गअभ्यासाचे वळण दिले. प्रेटर यांचे भारतीय प्राण्यांवरचे १९४८ चे पुस्तक पिढ्यांच्या हाती राहिले. याच काळात संस्थानांतली चित्त्याकरवी काळविटाची शिकार अखेरच्या टप्प्यात होती. भारतातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. आफ्रिकेचा चित्ता कोल्हापूरच्या माळावर काळविटामागे धावत होता, ही गोष्ट आज कुनोच्या चित्त्यांविषयी बोलताना फारशी कोणाला आठवत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर दुसरा प्रवाह आला आणि अभ्यासाची नजर बदलली. मेलेल्या प्राण्याची मापे घेण्याऐवजी जिवंत प्राण्याचे वर्तन पाहणारी पिढी पुढे आली. हेल्मट ब्यूशनर यांनी १९६१ मध्ये युगांडातल्या कोब नरांच्या सामूहिक प्रणयस्थळांचे वर्णन प्रसिद्ध केले. लहान-लहान वर्तुळाकार हद्दी शेजारी-शेजारी आखून नर उभे राहतात आणि मादी त्यांतून निवड करते. अशी स्थळे इंग्रजीत लेक म्हणून ओळखली जातात. गुजरातेतल्या वेळावदरला काळविटांतही ती पाहायला मिळतात. फ्रिट्झ वॉल्थर यांनी गॅझेलांच्या खुणांची आणि धमकावण्यांची भाषा उलगडली, रिचर्ड एस्टिस यांनी न्गोरोन्गोरोत विल्डबीस्टचा ध्यास घेतला. विल्डबीस्टची बहुसंख्य पाडसे तीन आठवड्यांच्या आत जन्मतात, त्यामुळे भक्षकांना एकाच वेळी फारच थोडी मारता येतात. आणि पाडस जन्मल्यावर काही मिनिटांत उभे राहते. भारतात जॉर्ज शॅलर यांनी कान्हाच्या अभ्यासात काळविटाची दखल घेतली. एम. के. रणजितसिंह यांनी काळविटावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. यादवेंद्रदेव झाला यांनी वेळावदरला लांडगा आणि काळवीट यांचा एकत्र अभ्यास केला. कविता ईश्वरन यांच्या कामातून दिसले, की एकाच जातीचे काळवीट निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी प्रणयव्यवस्था पत्करतात.

तिसरा प्रवाह साऱ्या परिसंस्थेकडे पाहणाऱ्यांचा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस बर्नहार्ड आणि मिखाएल ग्झिमेक या पितापुत्रांनी विमानातून सेरेंगेटीतले कळप मोजले; मोजणीच्या काळातच, १९५९ मध्ये, मिखाएलचा विमान अपघातात अंत झाला. पुढच्या दशकांत उलगडलेली सेरेंगेटीची कहाणी गुरे पाळणाऱ्या प्रत्येक समाजाने जाणून घ्यावी अशी आहे. आपण ज्याला बुळकांडी म्हणतो तो गुरांचा रोग १८८० च्या दशकाच्या अखेरीस पूर्व आफ्रिकेत शिरला आणि दहा वर्षांत खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचला. गुरांबरोबर रानम्हशी, कुडू, एलँड आणि विल्डबीस्टही मोठ्या संख्येने मेले. विसाव्या शतकात गुरांना लसी टोचल्या गेल्या आणि त्याचा लाभ रानातल्या प्राण्यांना झाला. सेरेंगेटीत १९६० च्या दशकाच्या आरंभी सुमारे अडीच लाख असलेले विल्डबीस्ट १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांच्या घरात गेले. त्यांनी गवत खाल्ले, त्यामुळे वणवे कमी झाले आणि वणवे कमी झाल्याने झाडे वाढली. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याची घोषणा झाली. गोठ्यातले जनावर आणि रानातले जनावर यांचे आरोग्य एकच असते, हे यातून सिद्ध झाले.

चौथा प्रवाह उत्क्रांतीच्या अभ्यासकांचा. एलिझाबेथ व्र्बा यांनी आफ्रिकेतल्या जीवाश्मांवरून मांडले, की सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वी हवामान कोरडे होत गेले तेव्हा गवताळ मैदानांवरच्या कुरंगांच्या अनेक नव्या जाती उदयाला आल्या. एखाद्या ठिकाणी मानवपूर्वजांच्या हाडांबरोबर विल्डबीस्ट आणि गॅझेल यांच्या गटांची हाडे अधिक असली, तर तिथे उघडे गवत होते असा निष्कर्ष काढता येतो. माणूस ज्या मैदानात घडला, त्या मैदानाची साक्ष कुरंगाची हाडे देतात. अलीकडे जनुकशास्त्राने या साऱ्यात नवा वाद आणला. २०११ मध्ये ग्रोव्ह्ज आणि ग्रब यांनी बोव्हिडी कुळाच्या जाती पूर्वीच्या दीडपटीहून अधिक मानल्या. अनेक तज्ज्ञांना हे अतिरेकी वाटते. वाद केवळ यादीचा नाही. कोणता कळप कुठे सोडायचा, कोणाला संरक्षण द्यायचे, हे जातीच्या व्याख्येवर ठरते. या पुस्तकाने रूढ, जपून केलेली यादी स्वीकारली आहे आणि वाद आहे तिथे तो मांडला आहे.

संवर्धनाच्या मार्गांबद्दलही एकमत नाही. कुंपण घालून माणसाला बाहेर ठेवणारा मार्ग एकीकडे, तर स्थानिक गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना वाटेकरी करणारा दुसरीकडे. दक्षिण आफ्रिकेत १९३१ मध्ये बाँटेबॉक अवघे १७ उरले असताना त्यांच्यासाठी राष्ट्रीय उद्यान झाले आणि जात वाचली. निळसर अंगाचा ब्लूबक मात्र १८०० च्या सुमारासच नाहीसा झाला होता. ऐतिहासिक काळात आफ्रिकेने गमावलेला तो पहिला मोठा सस्तन प्राणी. तलवारीसारख्या वळणदार शिंगांचा ओरिक्स २००० साली रानातून नामशेष ठरला. पण प्राणिसंग्रहालयांत आणि खाजगी कळपांत तो टिकला होता आणि २०१६ पासून चाडमध्ये त्याला पुन्हा रानात सोडण्यात आले. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या हवाई पाहणीतून दक्षिण सुदानमध्ये सुमारे साठ लाख कुरंगांचे स्थलांतर असल्याचे कळले. दीर्घ यादवीने पोळलेल्या देशात हे कळप टिकून राहिले, ही मोठीच आशेची बाब. केनिया-सोमालियाच्या सीमेवरचा हिरोला मात्र आज शेकड्यांतच उरला आहे. कुरंगांच्या नशिबी ऱ्हासच आहे असे नाही. रान मिळाले तर ते परत येतात, हे या उदाहरणांतून दिसते.

मग हे सारे आत्ता मराठीत का मांडायचे? कारण आपल्या माळांचा निर्णय याच वर्षांत होतो आहे. महाराष्ट्रातली कुरंगांसाठीची राखीव क्षेत्रे बहुतेक चिमुकली आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातले रेहेकुरी अभयारण्य सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही, चिंकाऱ्यांचे मयूरेश्वर-सुपे पाच चौरस किलोमीटरच्या आसपास आणि वाशीमचे कारंजा-सोहोळ सुमारे अठरा. सोलापूर-नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरवर जाहीर झाले होते, ते पुढे १,२२२ वर आले. माळढोक जवळजवळ संपला. काळवीट टिकला, कारण तो शेतातही जगतो. पण शेतात जगणारा प्राणी शेतकऱ्याच्या सहनशीलतेवर जगतो. कोवळी बाजरी, मका, हरभरा त्याने खाल्ला की नुकसान एका कुटुंबाचे होते आणि वन्यजीव राखल्याचे समाधान साऱ्या समाजाला मिळते. हा हिशेब सरळ नाही आणि तो सरळ करणे ही समाजाची जबाबदारी आहे.

माळाचे दुर्दैव असे, की सरकारी कागदांत तो बहुधा पडीक म्हणून नोंदला जातो. पडीक म्हटले की त्यावर कारखाना, सौर प्रकल्प, रस्ता, वसाहत काहीही येऊ शकते. आणि कधी त्यावर चांगल्या हेतूने झाडे लावली जातात. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांच्या जागी गिरिपुष्पासारखी झाडे आली की काळविटाची दृष्टी अडते आणि चारा जातो. लांडगा, तणमोर, चंडोल यांचेही घर मोडते. वेडी बाभूळ तर आपण होऊन पसरते. उन्हाळ्यात पाण्यासाठी भटकणारी काळविटे कठडे नसलेल्या विहिरींत पडतात, मोकाट कुत्री त्यांच्यामागे लागतात, रस्ते ओलांडताना ती वाहनांखाली येतात. यावर काही कामे होतही आहेत. पाणवठे भरले जातात, समृद्धी महामार्गावर प्राण्यांसाठी मार्ग ठेवले गेले. पण माळ हे स्वतःच एक परिपूर्ण रान आहे, ही जाणीव रुजल्याशिवाय अशी कामे अपुरीच राहतील. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष गवताळ प्रदेश आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केले आहे. धनगरांची मेंढरे आणि काळवीट शतकानुशतके एकाच माळावर चरत आली. त्या सहवासाचा अभ्यास आपल्या विद्यापीठांनी हाती घ्यावा, याहून चांगले निमित्त मिळणार नाही.

या पुस्तकाने काय साधायचे ठरवले आहे, तेही सांगायला हवे. हा जातींचा कोश नाही. शाखा, अधिवास, आहार, कळप, प्रजनन, भक्षक आणि माणसाशी नाते या क्रमाने आफ्रिकेतील कुरंग इथे येतात आणि प्रत्येक टप्प्यावर भारतातल्या कुरंगांशी तुलना केली जाते. डिक-डिकची जोडी वाचताना चौशिंग्याचा एकांत समोर यावा, स्प्रिंगबॉकची उडी वाचताना काळविटाची झेप आठवावी, असा प्रयत्न आहे. परदेशी प्राण्यांना ओढूनताणून मराठी नावे दिलेली नाहीत. कुडू कुडूच राहिला आहे. आपल्या प्राण्यांची मात्र गावोगावची नावे जपली आहेत. शिकारीच्या आठवणी, बक्षिसाच्या शिंगांची मापे यांना इथे जागा नाही. आकडे दिले आहेत ते मोजणी भरवशाची असेल तिथेच. पुस्तक शाळा-महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, वनखात्यात नव्याने रुजू झालेल्या वनरक्षकांसाठी आहे आणि माळालगत शेती करणाऱ्या त्या शेतकऱ्यांसाठीही आहे, ज्यांच्या संयमावर काळविटाचे जगणे उभे आहे.

वाचकांना एक विनंती आहे. हे पुस्तक वाचून झाल्यावर आपल्या तालुक्यातला एखादा माळ निवडा आणि वर्षभर तो पाहा: पावसाआधी, गवत फुलताना, ते वाळल्यावर. ममदापूरला गेलात तर वाहन रस्त्यावरच ठेवा, कळपामागे धावू नका, प्लास्टिक मागे टाकू नका. गावच्या उघड्या विहिरीला कठडा बांधता येत असेल तर बांधा. पीकनुकसानीची भरपाई वेळेवर मिळावी यासाठी शेतकऱ्याच्या बाजूने उभे राहा. आणि ग्रामसभेत गायरानावर झाडे लावण्याचा ठराव आला, तर तिथे गवत कोणते आहे आणि त्यावर कोण जगते, हा प्रश्न आधी विचारा. आफ्रिकेने आपली मैदाने राखली म्हणून तिचे कुरंग टिकले. महाराष्ट्राचे कुरंग टिकवायचे तर माळ राखण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल.